कर्जाची वही घरात उघडी असावी

१९८३ सालची दिवाळी आठ दिवसांवर आली होती. लालबागच्या चाळीतील आमच्या खोलीत त्या वर्षी फराळाचा वास नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते; माझे वडील त्यांतील एक. गिरणीचा भोंगा थांबून पावणेदोन वर्षे झाली होती आणि वडील एका गोदामात साडेचारशे रुपयांवर रखवालदारी करीत होते. त्या संध्याकाळी ते कामावर असताना एक अनोळखी गृहस्थ दारात उभा राहिला आणि आईला म्हणाला, "या महिन्याचं व्याज राहिलंय." आईला कर्जाचीच माहिती नव्हती, मग व्याजाची कुठून असणार?

वडील रात्री परतले. आईने आदळआपट केली नाही. तिने धान्याच्या डब्यातून एक घडी घातलेली पावती काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. तिच्या माहेरच्या पाटल्या आठ महिन्यांपूर्वीच सराफाकडे गहाण पडल्या होत्या. नवऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून तिने ते लपविले होते. बायकोच्या जिवाला घोर नको म्हणून त्यांनी सावकाराचे कर्ज लपविले होते. एकाच पगारातून दोघेही एकमेकांच्या नकळत व्याज भरीत होते.

माझे अक्षर बरे म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी चार ओळी लिहिल्या. वाणी : ३४० रुपये, व्याज नाही. गावचा मामा : ५०० रुपये, व्याज नाही. सराफ : १,५०० रुपये, महिना शेकडा दोन. सावकार : २,००० रुपये, महिना शेकडा पाच. एकूण ४,३४० रुपये. सावकाराला चौदा महिन्यांत १,४०० रुपये दिले गेले होते आणि मुद्दल एका रुपयानेही घटले नव्हते. साडेचारशेच्या पगारातील १३० रुपये दरमहा केवळ व्याजापायी जात होते. "घरातलं सोनं विकायचं नाही" हा वडिलांचा बाणा होता. त्या रात्री पहिल्यांदा त्या बाण्याची किंमत कागदावर आली. दुसऱ्या दिवशी आई स्वतः सराफाकडे गेली आणि पाटल्या विकून आली. सराफ आणि सावकार दोघेही एकाच दिवशी मिटले. उरलेल्या पैशांतून वाण्याचे भागले आणि पोस्टात दरमहा दहा रुपयांचे एक खाते उघडले गेले. मामाचे पैसे पुढे दोन वर्षांत फिटले.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन वृत्तपत्रसृष्टीत आलो आणि तिथेच केस पांढरे केले. परंतु अल्प उत्पन्नाच्या घरातील कर्जाविषयी पुढे जे काही वाचले, ऐकले, पाहिले, त्याचे सार त्या एका पानावर होते असे मला आजही वाटते. कर्ज व्याजाने वाढते हे सर्वांना ठाऊक आहे. ते लपविण्याने अधिक वाढते हे मात्र आपण लक्षात घेत नाही.

सावकाराचे रूप पालटले

आज दारात उभा राहणारा सावकार पूर्वीइतका दिसत नाही. तो आता खिशातील भ्रमणध्वनीत आहे. पाच मिनिटांत पाच हजार देणारी ॲप, दर आठवड्याला वस्तीत बैठक भरवून हप्ता गोळा करणाऱ्या सूक्ष्म वित्तसंस्था, दुकानात सही करताच मिळणारे 'बिनव्याजी' हप्ते आणि क्रेडिट कार्ड ही त्याची नवी रूपे. त्यांतील सर्वच वाईट आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. बँकेने दारात उभे केले नाही त्या स्त्रीला शिवणयंत्रासाठी कर्ज याच संस्थांपैकी एखादीने दिलेले असते. परंतु जुन्या सावकाराची एक कला या सर्वांनी उचलली आहे : दर असा सांगायचा की तो लहान वाटावा.

'महिना शेकडा पाच' ऐकताना पाच हा आकडा छोटा वाटतो. वर्षाचे ते साठ टक्के होतात. कार्डावरील थकबाकीचे 'साडेतीन टक्के' हेही महिन्याचेच असतात. वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या वर जातात. त्याहून फसवा असतो तो 'सरळ' दर. एक लाखाचे कर्ज दोन वर्षांसाठी 'बारा टक्के सरळ' दराने घेतले, तर २४,००० रुपये व्याज धरून महिन्याचा हप्ता सुमारे ५,१६७ रुपये बसतो. कर्जदार समजतो, बारा टक्क्यांनी पैसे मिळाले. वास्तविक दर महिन्याला मुद्दल फिटत असते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावर आकारलेले असते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला, तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणून कर्ज घेताना हप्ता किती, हा प्रश्न दुसरा. एकूण किती परत करायचे आणि उरलेल्या मुद्दलावर वर्षाचा दर किती, हा पहिला.

आपल्या परंपरेने या प्रश्नाकडे डोळेझाक केलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांमागे महिन्याला सव्वा पण, म्हणजे वर्षाला पंधरा टक्के, हा धर्म्य दर सांगितला आहे. पाच पणांचा दर व्यापारी व्यवहारासाठी, दहाचा अरण्यातून माल नेणाऱ्यांसाठी आणि वीसचा समुद्रापार जाणाऱ्यांसाठी. जोखीम मोठी, नफा मोठा, म्हणून दर मोठा, असा तो विचार. व्यापाऱ्यासाठी सांगितलेला तो शेकडा पाचचा दर आज मुलाच्या तापासाठी उसने घेणाऱ्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला लावला जातो. व्यापारी नफ्यातून व्याज देतो, ती घासातून देते. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियमही आपल्या धर्मशास्त्रातलाच. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला.

पुणे जिल्ह्यात या विषयाची दोन चित्रे आहेत. देहूच्या तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळाने गांजलेल्या कुळांची खतपत्रे, आपल्या वाट्याची तेवढी, त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. त्याच जिल्ह्यातील सुपे येथे मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. त्या दंग्यांनंतर १८७९ सालचा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा. एकाने करुणेने कागद बुडविले, दुसऱ्यांनी संतापाने जाळले. सामान्य कर्जदाराच्या नशिबी यांपैकी काहीच नसते. त्याला आपला कागद वाचावा लागतो आणि फेडावा लागतो.

कर्जातून बाहेर पडण्याची वाट

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. महिना पंधरा-अठरा हजारांत चार माणसांचे घर चालविणाऱ्याने बचत कुठून करायची? ज्याच्या घरी दोन वेळच्या अन्नाचीच तोंडमिळवणी होत नाही, त्याला काटकसरीचे धडे देणे हा क्रूरपणा आहे. त्याला हवे ते काम, रास्त मजुरी, शिधापत्रिकेवरचे धान्य आणि आजारपणात आधार. 'चहा सोडा, पैसे वाचतील' असला उपदेश पोट भरलेल्यांना शोभतो. परंतु काठावर जगणारी असंख्य घरे अशी आहेत, जिथे चहापेक्षा कितीतरी मोठी गळती व्याजाची असते. ती बुजविणे हीच त्यांची पहिली बचत.

उदाहरण घेऊ. एका घरावर सावकाराचे २०,००० रुपये आहेत, महिना शेकडा पाचने. महिन्याला १,००० रुपये नुसते व्याज दिले, तर वर्षाला १२,००० रुपये गेले आणि कर्ज जागच्या जागी. पोटाला चिमटा घेऊन महिन्याला २,००० दिले आणि सावकाराने ते प्रामाणिकपणे मुद्दलात वळते केले, तर पंधराव्या महिन्यात कर्ज फिटते. व्याज जाते सुमारे ८,४०० रुपये. घरात पडून असलेला एखादा दागिना बँकेत तारण ठेवून महिना शेकडा एकच्या दराने तेवढेच कर्ज काढले, सावकाराला एकरकमी मोकळे केले आणि बँकेला तेच २,००० रुपये देत राहिले, तर अकराव्या महिन्यात सारे संपते. व्याज जाते सुमारे १,२०० रुपये. माणूस तोच, पगार तोच, हप्ता तोच. फरक सात हजारांहून अधिक. हे पैसे कोणत्याही काटकसरीने वाचणारे नव्हते.

अनेक सावकार मुद्दल तुकड्यांनी घेतच नाहीत. 'आणायचे तर सगळे आण' म्हणतात. त्यांचे उत्पन्नच न फिटलेल्या मुद्दलावर असते. अशा वेळी ती रक्कम वेगळ्या खात्यात साठवावी किंवा वरच्याप्रमाणे महाग कर्ज स्वस्त कर्जात बदलून घ्यावे. बँकेचे सोनेतारण, नोकरीच्या ठिकाणची कर्मचारी पतसंस्था आणि स्त्रियांसाठी बचत गट हे त्याचे जवळचे मार्ग. बचत गटात शेकडा दोन व्याज द्यावे लागले, तरी ते पुन्हा गटाच्या, म्हणजे आपल्याच, पेटीत येते. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तो याच विचाराने. त्याही आधी, १९७५ साली, आमच्याच गिरणगावात प्रेमा पुरव यांनी खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले आणि सावकार व वाणी यांच्या उधारीवर जगणाऱ्या त्या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यांच्याकडे तारण ठेवायला काही नव्हते. एकमेकींचा शब्द होता.

मात्र महाग कर्ज फेडण्यासाठी स्वस्त कर्ज काढणे आणि हप्ता भरण्यासाठी नवे कर्ज काढणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने ओझे हलके होते. दुसरे म्हणजे आगीतून फुफाट्यात. कसोटी सोपी आहे : नव्या कर्जानंतर जुने पूर्ण मिटले का आणि महिन्याचे व्याज कमी झाले का? दोन्ही उत्तरे 'होय' नसतील, तर सही करू नये.

कर्ज असतानाही शिल्लक

जाणते लोक म्हणतील, कर्ज फिटेपर्यंत बचत कसली? व्याजाच्या हिशेबाने त्यांचे बरोबर आहे. संसाराच्या हिशेबाने मात्र थोडी शिल्लक आधीपासूनच हवी. अल्प उत्पन्नाचे घर पुन्हा सावकाराकडे जाते ते बहुधा चैनीसाठी नव्हे, तर रात्री अकरा वाजता रुग्णालयात भरावयाच्या तीन हजारांसाठी. ते तीन हजार घरात नसतील, तर वर्षभराची फेड एका रात्रीत पुसली जाते. म्हणून कर्ज फेडताना महिन्याला शे-दोनशे का होईना, बाजूला पडलेच पाहिजेत आणि ते पगाराच्या दिवशी पडले पाहिजेत. महिनाअखेरीस उरेल ते साठवू म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही.

गरिबाची बचत छोटी असते, म्हणून ती कमी दर्जाची नसते. टी. एम. ए. पै यांच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली दररोज दोन आण्यांची पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस दारोदार जाऊन ती गोळा करी. थेंबे थेंबे तळे साचे, हे त्या बँकेने व्यवहारात उतरविले. आज पोस्टातील आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडता येते. पैसे ठेवताना ते सुरक्षित कुठे, हे मात्र पाहावे. बँकेतील ठेवींना २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते नाही. दोन टक्के अधिक व्याजाच्या लोभाने ज्यांच्या आयुष्याची पुंजी बुडालेल्या पतसंस्थांत अडकली, अशी घरे महाराष्ट्रात थोडी नाहीत.

शिल्लक सावरून धरणारी दुसरी भिंत विम्याची. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २०२२ पासून वर्षाला २० रुपये आहे; अपघाती मृत्यू आल्यास कुटुंबाला दोन लाख मिळतात. जीवन ज्योती योजनेचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत ठरावीक उपचार विनामूल्य होतात. दुखणे येण्यापूर्वीच जवळचे अंगीकृत रुग्णालय कोणते, याची चौकशी करून ठेवणे हीदेखील एक बचतच आहे.

आणि आता थोडे कटू. सगळेच कर्ज आजारपणाचे नसते. लग्नकार्य, बारसे, वास्तुशांत यांपायी काढलेल्या कर्जाचे हप्ते मुलगी सासरी रुळून तिची मुले शाळेत जाऊ लागली तरी फिटत नाहीत. ऋण काढून सण करण्याला आपल्या पूर्वजांनी दोष म्हटले, प्रतिष्ठा नव्हे. त्यासाठी गरिबाला दूषण देणे मात्र सोपे आणि निरुपयोगी आहे. तो खर्च करतो, कारण चार लोक काय म्हणतील याची त्याला भीती असते. ते चार लोक आपणच आहोत. मध्यमवर्गीय घरांनी साधेपणाने विवाह केले, जेवणावळींचे ताट आटोपते घेतले, तर त्यांच्याकडे काम करणाऱ्यांनाही साधेपणाची लाज वाटणार नाही.

भीती सोडण्याची गरज

कर्ज लपविण्याच्या मुळाशी लाज असते, तशी भीतीही. ती घालवायची तर कायदा ठाऊक हवा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याविना सावकारी करणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातील साहाय्यक किंवा उपनिबंधकांकडे करता येते, आणि अशा सावकारीत बळकावली गेलेली स्थावर मालमत्ता परत मिळवून देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकांना आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण सूक्ष्म कर्ज देताना सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास त्यावर दंडही आकारता येत नाही. वसुलीसाठी धमकावणे, शेजाऱ्यांपुढे बेअब्रू करणे, अवेळी दूरध्वनी करणे यांना मनाई आहे. बँक वा वित्तसंस्था लेखी तक्रारीची दाद घेत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. घेतलेले कर्ज फेडणे हे कर्तव्य आहेच. अपमान सोसणे हे मात्र कर्तव्य नव्हे.

वस्त्यांतून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते. आपण अभ्यासिका चालवितो, आरोग्य शिबिरे भरवितो. त्याच ठिकाणी आठवड्यातून एक तास कर्जाचे कागद वाचून दाखविण्यासाठी ठेवता येईल. उपदेश नको. समोरच्याने आणलेला कागद घ्यावा, एकूण किती फेडायचे ते काढून द्यावे, वर्षाचा दर सांगावा आणि कोणते कर्ज आधी फेडायचे त्याचा क्रम लावून द्यावा. जे कळले ते त्या खोलीबाहेर जाऊ देऊ नये. बँकेत, पोस्टात काम केलेले निवृत्त सद्गृहस्थ आणि भगिनी प्रत्येक नगरात आहेत. त्यांच्या अनुभवाला यापेक्षा चांगले काम कोणते?

आणि ज्यांच्या घरावर आज कर्ज आहे, त्यांना एवढेच सांगणे : मुलांची एक जुनी वही घ्या. आज रात्री जेवणे झाल्यावर नवरा-बायकोने समोरासमोर बसून तिच्या शेवटच्या पानावर सर्व लिहून काढा. कोणाचे, किती, महिना शेकडा काय. एकही नाव वगळू नका. मुले समजत्या वयाची असतील तर त्यांनाही बसू द्या. ती घाबरत नाहीत, शहाणी होतात.

त्या रात्री चौथी ओळ लिहून मी बेरीज केली, तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडील म्हणाले, "एवढंच आहे?" चौदा महिने जे मनात डोंगराएवढे होते, ते वहीच्या पानावर चार ओळींत मावले होते. त्या रात्री वडिलांना पुष्कळ दिवसांनी झोप लागली, असे आई पुढे अनेकदा सांगत असे.